भुसावळचं बिनपाटीचं कॉमिक्सचं दुकान: नागराज पार्टीच्या एका बाईचा अभिप्राय

दुकानाला पाटी नाही, त्यामुळे नाव देण्याचा प्रश्नच येत नाही. भुसावळ स्टेशनातून बाहेर पडा आणि कुठल्याही रिक्षावाल्याला ‘कॉमिक्सवाले काका’ म्हणून विचारा. पोचल्यावर वाटेल की पत्ता चुकला, कारण पुढच्या भागात नुसती गाइडं, अपेक्षित प्रश्नसंच आणि स्पर्धा परीक्षांची जुनी पुस्तकं आहेत. गल्ल्याच्या मागे एक फुलाफुलांचा पडदा आहे. खरा माल त्या पडद्यामागे.

आधी व्यवहाराचं सांगते. भाड्यानं न्यायचं असेल तर कॉमिकमागे दिवसाला दहा रुपये आणि शंभर रुपये अनामत. विकत घ्यायचं तर साधा अंक साठ रुपयांपासून, विशेषांक दीडशेच्या पुढे, आणि कुलूपबंद कपाटातल्या मालाला काकांच्या तोंडाला येईल तो भाव. विकत घेतलेलं धड अवस्थेत परत आणलंत तर अर्ध्या किमतीत घेतात. पावती मिळत नाही. भाव शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेला असतो, आणि तो खोडून नवा लिहिल्याच्या खुणाही तिथेच दिसतात.

मी जळगावात मेडिकल स्टोअर चालवते, पण माहेर भुसावळचं. वडील रेल्वेत गार्ड, आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो. क्वार्टरमधली अर्धी घरं हिंदी बोलणारी, त्यामुळे हिंदी कॉमिक्स आम्हाला कधी परकी वाटली नाहीत. गाडीत कुणी विसरलेलं, स्टेशनातल्या व्हीलरच्या पुस्तकांच्या ठेल्यावरून घेतलेलं, मामाच्या मुलानं बुऱ्हाणपूरहून आणलेलं, असं करत करत राज कॉमिक्स घरोघरी पोचली होती. नागराज आणि सुपर कमांडो ध्रुव हे त्यातले दोन हिरो, आणि आम्हा पोरांच्या त्यांच्यावरून दोन पार्ट्या. मी नागराज पार्टीची. माझा दादा ध्रुव पार्टीचा. आजही दिवाळीला तो पुण्याहून आला की जेवणं झाल्यावर हा विषय निघतोच आणि वहिनी उठून आत जाते.

हा अभिप्राय लिहायला घेतला तो भावासाठी किंवा मालासाठी नाही, काकांनी हा माल जसा लावलाय त्यासाठी. एरवी कुठेही जा, कॉमिक्स हिरोनुसार लावलेली असतात. नागराजचा गठ्ठा वेगळा, सुपर कमांडो ध्रुवचा वेगळा, डोगाचा वेगळा, चाचा चौधरी सगळ्यांच्या खाली. इथे गठ्ठे चित्रकारानुसार आहेत. पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर स्केच पेननं नावं लिहिलीत: प्रताप मुळीक, अनुपम सिन्हा, मनु, प्राण. इंग्रजीच्या फळीवरही तोच प्रकार.

काकांना कारण विचारलं तर ते कलेबिलेचं काही सांगत नाहीत. भाड्याचा धंदा जोरात होता तेव्हा नागराजवाली पोरं ध्रुवची कॉमिक्स उचलून चाचा चौधरीच्या गठ्ठ्याखाली दडवायची. ध्रुववाली पोरं नागराजला पेननं मिशा काढायची. एका बहाद्दरानं तर एका अंकाचं शेवटचं पान फाडून नेलं, म्हणजे पुढच्याला कळूच नये की त्या गोष्टीत कोण भारी ठरला. रोजच्या भांडणाला वैतागून काकांनी हिरोंचे गठ्ठे मोडले. ‘ताई, आता भांडायचं तर चित्रकारावरून भांडा म्हटलं,’ असं ते सांगतात. चित्रकारावरून कुणी भांडलं नाही. पोरांना नावंच माहीत नव्हती.

पण गंमत बघा. अनुपम सिन्हांच्या गठ्ठ्यात हात घातला की वर ध्रुव येतो, त्याखाली नागराज, त्याखाली परत ध्रुव. ध्रुवला सिन्हांनीच जन्माला घातलं, १९८७ मध्ये, ‘प्रतिशोध की ज्वाला’ या अंकात. पुढे नव्वदच्या दशकात नागराजही त्यांच्याच हाती आला. दोन अंक शेजारी धरून मुठी बघा. बोटांच्या पेरांवर तीच बारीक तिरपी रेघ, मनगटाच्या शिरा त्याच ठिकाणी. एकाच्या हातातून स्टारलाइनची दोरी सुटते, दुसऱ्याच्या मनगटातून साप, पण मूठ एकाच माणसानं काढलेली आहे. आमच्या क्वार्टरच्या जिन्यावर ज्या दोघांवरून शर्ट फाटेपर्यंत मारामाऱ्या झाल्या, ते दोघं एकाच टेबलावर, एकाच दौतीतून आलेले.

मुळीकांचा गठ्ठा वेगळाच दिसतो. १९८६ चा पहिला नागराज त्यांनी काढला. पुण्याचे हे चित्रकार अमर चित्रकथेतही होते, आणि ते वळण नागराजमध्ये दिसतं. त्यांचा नागराज उभा राहतो तोच एखाद्या पौराणिक वीरासारखा, छाती पुढे, एक पाय किंचित वाकलेला. सिन्हांचा नागराज धावणारा, वळणारा, हवेत आडवा झालेला. आमच्या पार्टीतले जुने लोक मुळीकांच्या नागराजला खरा मानतात. मीही त्यातलीच. पण नागराज पार्टीत असे दोन गट आहेत हे ध्रुववाल्यांना आजही ठाऊक नाही. त्यांच्या लेखी नागराजवाले सगळे सारखेच: फूऽऽ केलं, विष सोडलं, गोष्ट संपली.

एका पार्टीला दुसरीचा हिरो कळायचा तो असाच, समोरच्यानं केलेल्या चेष्टेतून. ध्रुव म्हणजे काय, हे आम्हा नागराजवाल्यांना एका वाक्यात माहीत होतं: सर्कशीतला पोरगा, पट्टा काढून घेतला की संपला. आमच्या वरच्या मजल्यावर शिरपूरकडचं एक कुटुंब होतं, त्यांचा मुलगा कट्टर ध्रुववाला. तो जिन्यात उभा राहून ओरडायचा, ‘तुना नागराजले दात शेतस, मना ध्रुवले डोकं शे!’ यावर आमच्याकडे उत्तर नसायचं, म्हणून आम्ही त्याची चप्पल लपवायचो. दोन्हीकडच्या पोरांनी दुसऱ्या बाजूचं फारसं वाचलेलं नसायचं. याचं कारण अगदी साधं होतं. आठवड्याला भाड्याचे म्हणून जे पैसे मिळायचे त्यात एखाददुसरं कॉमिक यायचं. ते दुसऱ्या पार्टीच्या हिरोवर कोण घालवणार?

काकांच्या दुकानात मात्र तुम्हाला नागराज शोधताना ध्रुव चाळावाच लागतो. इथे एक बाकडं आहे, त्यावर बसून वाचायला काका हरकत घेत नाहीत. म्हणून मी पुष्कळ ध्रुव वाचला. गोष्टीची सुरुवात बघा. ज्युपिटर सर्कस जोरात चालते म्हणून ग्लोब सर्कसवाल्यांच्या पोटात दुखतं आणि ते आग लावतात. त्या आगीत ध्रुवचे आईबाप जातात. पुढे पोलीस कमिशनर राजन मेहरा त्याला घरी नेतात. म्हणजे ज्या हिरोच्या नावानं पोरं ‘आमचा तुमच्यापेक्षा भारी’ म्हणून नरडी धरायची, तो अनाथ झाला तोच ‘आमची सर्कस तुमच्यापेक्षा भारी’ या दुखण्यातून. त्याचे चाहते हे कधी सांगत नाहीत. ते डोकं, डोकं आणि डोकं एवढंच सांगतात. त्याच्या तोंडावर मुखवटा नाही, तो कोण आहे हे सगळ्या राजनगरला माहीत असतं. मला यातली हिंमत डोक्यापेक्षा मोठी वाटते, पण ती त्याच्या पार्टीच्या जाहिरातीत बसत नसावी.

नागराजचंही तेच झालं. प्राध्यापक नागमणीनं त्याला दहशतवाद्यांसाठी हत्यार म्हणून घडवलं आणि बाबा गोरखनाथांनी त्याला त्या ताब्यातून सोडवलं. दुसऱ्याच्या हुकमानं चाललेल्या माणसाची ही गोष्ट आहे. आमची पार्टी मात्र ‘अंगात किती साप राहतात’ याचा हिशेब मांडत बसली. ध्रुववाले चिडवत की यात काय डोकं, आणि आम्ही चिडून आणखी साप मोजत. समोरच्यानं ज्या मुद्द्यावर टोमणा मारला तोच मुद्दा आम्ही आपल्या हिरोचा मोठेपणा म्हणून मिरवला. बाकीचा नागराज बाजूलाच राहिला.

डोगाबद्दल थोडक्यात. कचऱ्यात सापडलेलं मूल, डाकूनं वाढवलेलं, मोठेपणी मुंबईत कुत्र्याचा मुखवटा घालून गुंडांना सरळ गोळ्या घालणारं. त्याचे चाहते कमी पण कडवे. दोन्ही पार्ट्यांना ते लहान मुलं समजायचे. काकांकडे डोगा काढणाऱ्या मनुंचा गठ्ठा लगेच रिकामा होतो, वेळेत जा.

आता इंग्रजीची फळी. इथे जाताना मी माझ्या भाच्याला, म्हणजे दादाच्या मुलाला, ओजसला घेऊन गेले होते. वय तेरा, अंगात मार्व्हल या अमेरिकन कॉमिक्स कंपनीचा टीशर्ट, तोंडात तिच्या स्पर्धक डीसीची निंदा. त्याच्या मते डीसीवाले अंधारात भुवया आक्रसून बसतात आणि ॲक्वामॅन हा तर निव्वळ विनोद, मासळीशी गप्पा मारणारा. ‘आत्या, फिशशी बोलणं ही काय पॉवर आहे?’ मी त्याच्या हातात ध्रुवचा एक अंक दिला. ध्रुवही प्राण्यापाखरांशी बोलतो, लहानपणी सर्कशीत शिकला म्हणून. ओजसला ते फार ‘कूल’ वाटलं. एकाच करामतीसाठी एक हिरो हुशार आणि दुसरा चेष्टेचा विषय. ॲक्वामॅन १९४१ पासून आहे. त्याची टिंगल सुरू व्हायला १९७३ पासून आलेली, त्याला समुद्री घोड्यावर बसवणारी टीव्हीची व्यंगचित्रमालिका पुष्कळ कारणीभूत आहे. ओजसनं ती मालिका पाहिलेली नाही आणि ॲक्वामॅनचं एक पान वाचलेलं नाही. त्याच्यापर्यंत फक्त टिंगल पोचली, आणि तेवढी पुरली.

त्या फळीवर बराचसा माल गॉथम कॉमिक्सनं भारतात छापलेला आहे. हे लोक बॅटमॅनही छापायचे आणि स्पायडरमॅनही, म्हणजे ज्या दोन अमेरिकन कंपन्यांवरून ओजसच्या वर्गात मैत्र्या तुटतात, त्या आपल्याकडे एकाच घरातून आल्या. आणि काकांची चित्रकार-लेखकांची पद्धत इथे आणखी मजा करते. फ्रँक मिलरच्या गठ्ठ्यात मार्व्हलचा डेअरडेव्हिल आणि डीसीचा बॅटमॅन एकमेकांवर निजलेले आहेत. जॅक कर्बीच्या गठ्ठ्यात तर कहरच. ज्यानं जो सायमनबरोबर १९४१ मध्ये कॅप्टन अमेरिका उभा केला, त्याच माणसानं सत्तरच्या दशकात डीसीत जाऊन डार्कसाइड हा खलनायक काढला. आणि मार्व्हलचा खलनायक थॅनॉस, ज्याच्यावरून ओजस डार्कसाइडला ‘कॉपी’ म्हणतो, तो जिम स्टारलिननं आणला १९७३ मध्ये, डार्कसाइडच्या नंतर. त्याच स्टारलिननं पुढे डीसीत बॅटमॅनही लिहिला. हे मी ओजसला सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, ‘पण थॅनॉसकडे गॉन्टलेट आहे,’ म्हणजे त्याचा तो ताकदवान हातमोजा. रक्त आमच्याच घरचं, काय बोलणार.

स्टारलिनच्या गठ्ठ्यात १९८८ ची ती प्रसिद्ध कथा आहे, ज्यात बॅटमॅनचा साथीदार रॉबिन, म्हणजे जेसन टॉड, जगावा की मरावा हे वाचकांनी फोन करून ठरवलं. दोन नंबर छापले होते, एक जगवायचा, एक मारायचा, आणि कॉलला पन्नास सेंट पडायचे. मारा म्हणणारे ५,३४३, जगवा म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांनी पोरगा गेला. काका ही कथा विकताना हे आकडे आवर्जून सांगतात आणि आपल्याकडच्या ग्रामपंचायतीच्या निकालावर घसरतात. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त टोचली. जेसन हा दुसरा रॉबिन. पहिल्याच्या चाहत्यांनी याला कधी आपला मानलाच नाही, जागा बळकावणारा म्हणूनच पाहिलं. त्या ५,३४३ फोनमधले कितीतरी या पोराच्या वागण्याबद्दल नसून पहिल्या रॉबिनच्या प्रेमापोटी असणार, असं मला वाटतं. दुसऱ्याच्या मोठेपणाची किंमत यानं चुकवली.

ओजसनं घेतला तो मिलरचा १९८६ चा म्हातारा बॅटमॅन. मार्व्हलवाल्यानं हा का घ्यावा? कारण ‘यात सुपरमॅन मार खातो’ हे त्यानं ऐकलेलं होतं. घरी येऊन शेवटचा भाग मी त्याच्याबरोबर वाचला. मार खातो हे खरं. पण त्याआधी अणुस्फोट अंगावर घेऊन सुपरमॅन वाळलेल्या काटकीसारखा झालेला असतो. बॅटमॅनच्या अंगावर चिलखत असतं, मदतीला ग्रीन ॲरो या तिरंदाजाचा, सुपरमॅनला दुबळं करणाऱ्या क्रिप्टोनाइटचा बाण असतो. आणि हाणामारीच्या ऐन टोकाला बॅटमॅनचं काळीज बंद पडतं, तेही त्यानंच ठरवून. पुढे दफनाच्या वेळी सुपरमॅनला मातीखालून ठोका ऐकू येतो. तो कुणाला काही सांगत नाही, नुसता डोळा मिचकावतो. ते छोटंसं चित्र मी ओजसला बोटानं दाखवलं. दोन जुने दोस्त एकमेकांचं गुपित सांभाळतात, असं ते पान आहे. बॅटमॅनच्या चाहत्यांनी त्यातला फक्त ठोसा कापून घेतला आणि जगभर फिरवला. सुपरमॅनवाले त्यावर चिडतात, तेही पुढचं पान न उलटता. दोघांची पहिली भेट १९५२ सालच्या अंकात झाली होती आणि नंतर वर्षानुवर्षं ते एकत्र साहसं करत राहिले. एकमेकांना पाण्यात बघणारे बॅटमॅन-सुपरमॅन त्या मानानं अलीकडचे.

आता कुलूपबंद कपाट. यात नागराज आणि ध्रुव एकत्र असलेले जुने विशेषांक ठेवलेत, आणि दुकानातली सगळ्यात मोठी लूट इथेच चालते. छापील किंमत बघून तुम्ही हसाल आणि काकांची किंमत ऐकून रडाल. मी एका अंकाचा भाव विचारला तर बाराशे म्हणाले. मी म्हटलं, काका, अंकासोबतचं स्टिकर पण नाही यात. तर म्हणतात, ‘हाऊ काय फुकट शे का ताई? पुण्याचा इंजिनियर येईल तो पंधराशे देईल.’ त्यांच्या म्हणण्यानुसार ध्रुववाले शिकून नोकरीला लागले, म्हणून ध्रुवचे जुने अंक महाग. नागराजवाले अजून भाड्यानंच नेतात. हा आमच्या पार्टीवर सरळसरळ अन्याय आहे, पण त्यामुळे मुळीकांचा नागराज मला स्वस्तात मिळतो, म्हणून मी तिथे तोंड उघडलं नाही.

या एकत्र अंकांमध्ये तुम्हाला ‘शेवटी कोण जिंकलं’ याचं उत्तर मिळेल या आशेनं बाराशे रुपये घालवू नका. साचा ठरलेला असतो: आधी गैरसमज, मग मारामारी, मारामारी ऐन रंगात आली की तिसराच कुणी खलनायक, आणि मग दोघं खांद्याला खांदा लावून. प्रकाशकाला दोन्ही पार्ट्यांची गिऱ्हाइकं टिकवायची असतात. अमेरिकेतही वेगळं नाही. १९७६ मध्ये डीसी आणि मार्व्हलनं मिळून सुपरमॅन विरुद्ध स्पायडरमॅन काढला, तेव्हा स्पायडरमॅन सुपरमॅनपुढे कसा टिकणार हा पेच होता. तर सुपरमॅनचा वैरी लेक्स लुथर यानं स्पायडरमॅनला, ज्यापुढे सुपरमॅनची ताकद घटते त्या लाल सूर्याच्या किरणांचा डोस दिला म्हणे, आणि झाले दोघं बरोबरीचे! भरीत आसोद्याच्या वांग्याचं चांगलं की बामणोदच्या, यावर लग्नाच्या पंगतीत जसा यजमान दोन्हीकडच्या पाहुण्यांकडे बघून हसतो आणि वाढत राहतो, तसा हा प्रकार.

१९९६ साली तर दोन्ही कंपन्यांनी पाच लढतींचा निकाल सरळ वाचकांच्या मतांवर सोडला. सुपरमॅननं हल्कला हरवलं, बॅटमॅननं कॅप्टन अमेरिकाला, स्पायडरमॅननं सुपरबॉयला. इथपर्यंत ठीक. मार्व्हलच्या एक्स-मेन टोळीतल्या स्टॉर्मनं डीसीच्या वंडर वुमनला हरवलं, कारण तेव्हा एक्स-मेनची चलती होती. आणि मार्व्हलचा वुल्व्हरीन विरुद्ध डीसीचा लोबो ही लढत तर नीट काढलीसुद्धा नाही. दोघं दारूच्या बारच्या काउंटरमागे जातात, आणि बाहेर येतो तो वुल्व्हरीन. वाचकांनी निकाल दिला, आता तो पटेल असा दाखवायचा कसा, हे चित्रकाराला कळलं नसणार. ज्याच्या चाहत्यांची गर्दी मोठी तो जिंकला. कागदावरच्या ताकदीला विचारतो कोण. हे अंक काकांकडे सुटे आहेत, पूर्ण संच नाही, आणि एकाचं मुखपृष्ठ चिकटपट्टीनं जोडलंय. दोनशे मागितले, दीडशेला दिले.

वडिलांसाठी मी मराठी इंद्रजाल कॉमिक्स शोधत होते. टाइम्सवाल्यांनी १९६४ पासून काढलेली ही मालिका आमच्या आधीच्या पिढीची. काकांकडे थोडीच आहेत, कडा पिवळ्या पडलेली, पण वाळवी नाही. कडुनिंबाचा पाला आणि डांबरगोळ्या दोन्ही वापरतात, त्यामुळे त्या फळीजवळ उभं राहिलं की शिंका येतात. वडील वेताळाचे, म्हणजे फँटमचे भक्त. त्यांच्याबरोबर ड्युटी करणारे एक काका मॅन्ड्रेकचे. ‘जादूगाराला काय, हात हलवला की झालं. वेताळ अंगमेहनत करतो,’ हे वडिलांचं ठरलेलं वाक्य. वेताळ १९३६ चा, मॅन्ड्रेक १९३४ चा, दोघांचा बाप एकच, ली फॉक. हे मी वडिलांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, ‘असेल. पण वेताळावर त्यानं जास्त मेहनत घेतली असणार.’ यावर पुढे काही बोलण्यासारखं नव्हतं.

तक्रारी. पहिली, उकाडा. पडद्यामागच्या खोलीला खिडकी नाही, पंखा एकच आणि तो काकांच्या डोक्यावर. भुसावळचा मे महिना ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. होळीनंतर आणि मृगाआधी जायचं असेल तर सकाळी जा. दुसरी, पानं मोजून घ्या. मधली दोन पानं नसलेला अंक पूर्ण किमतीत माझ्या गळ्यात पडला, आणि परत न्यायला गेले तेव्हा काकांनी ‘ताई, गोष्ट तर कळते ना’ असं विचारलं. बदलून दिला, पण कुरकुरत. तिसरी, वाचकांच्या पत्रांची पानं बऱ्याच अंकांतून गायब आहेत. कुणीतरी नेमकी तीच काढून नेलीत. मला ती कथेइतकीच वाचायची असतात. कोणत्या गावचा कोण कोणाला हरवायची मागणी करतोय, ते त्यातच कळतं.

चौथी तक्रार वागण्याची आहे. काका स्वतः कुठल्या पार्टीचे हे काही केल्या सांगत नाहीत, धंद्याला ते बरं, पण गिऱ्हाइकाला पेटवायला त्यांना आवडतं. मी मुळीकांचा नागराज हातात घेतला की मागच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असं म्हणणार, ‘ध्रुववाले याला चित्रकथा म्हणतात, कॉमिक नाही.’ मग तो गिऱ्हाईक काहीतरी बोलणार, मी बोलणार, आणि काका मधल्या मधे दोघांना एकेक जास्तीचा अंक खपवणार. चित्रकारानुसार लावलेल्या गठ्ठ्यांचं मी एवढं कौतुक केलं, पण भांडण पूर्ण मिटावं अशी त्यांची इच्छा दिसत नाही.

कुणी जावं? ज्यांची मुलं मोबाइलवरच्या दहा सेकंदांच्या तुकड्यांतून हिरोंबद्दल मतं बनवून बसलीत, त्यांनी मुलांना घेऊन जावं आणि बाकड्यावर बसवून समोरच्या पार्टीचा एक अंक पूर्ण वाचायला लावावा. संग्राहकांनी जावं, पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात: राज कॉमिक्सच्या बऱ्याच जुन्या गोष्टी आता चकचकीत कागदावर पुन्हा छापून मिळतात, आणि राज कॉमिक्सच्या मालक गुप्ता बंधूंनी वेगवेगळे व्यवसाय मांडल्यापासून एकाच हिरोच्या नव्या आवृत्त्या वेगवेगळ्या बंधूंकडून येतात. यावरूनही आता पार्ट्या पडल्यात. काका सगळ्यांच्या आवृत्त्या ठेवतात आणि सगळ्यांना नावं ठेवतात. ज्यांना कोरा, न दुमडलेला माल हवा, त्यांनी जाऊ नये. इथला प्रत्येक अंक कुणीतरी उशीखाली ठेवून वाचलेला आहे.

पाचात चार देते. अर्धा गुण पंख्याचा कापला, अर्धा बाराशे रुपयांचा. दादाला सांगितलं तर म्हणतो, तो अंक घेऊन ठेव, मी पैसे पाठवतो. म्हणजे पुण्याचा इंजिनियर माझ्याच घरातला निघाला. मी काकांना हजारला पटवायच्या बेतात आहे. तुम्ही आधी पोचलात तर तेवढा एक सोडून बाकी काहीही घ्या. जाताना सुटे पैसे असू द्या, मोबाइलवरून पैसे घ्यायला काका तयार असतात, पण मागच्या खोलीत रेंज येत नाही.